सुटलेली बाई परत का गेली?

थोर माणसांचे मोठेपण मोजायला आपल्याला आकडा लागतो. किती लढाया जिंकल्या, किती वर्षे तुरुंगात काढली, किती लोक मागे उभे केले, असे आपण विचारतो आणि उत्तरातला आकडा मोठा असला की आपले समाधान होते. हॅरिएट टबमनच्या बाबतीत हा आकडा साधारण ७० आहे. स्वतः गुलामगिरीतून पळालेली ही निरक्षर बाई १८५० ते १८६० या दहा वर्षांत सुमारे तेरा वेळा त्याच मुलखात परत गेली आणि सुमारे ७० माणसांना बाहेर घेऊन आली. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत गुलामांची संख्या ४० लाखांच्या आसपास होती. म्हणजे छप्पन्न-सत्तावन्न हजारांत एक. माझी उभी नोकरी बँकेत गेली. इतका बारीक अपूर्णांक व्याजाच्या हिशेबात आला तर आम्ही तो खुशाल सोडून देत असू.

तरीही तिची सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असे कुणी विचारले तर मी या ७० कडेच बोट दाखवीन. तिच्या चरित्रात याहून मोठे आकडे आहेत. एका रात्रीत सातशेहून अधिक माणसे सोडवल्याची नोंद आहे. युद्धातली हेरगिरी आहे, जखमींची शुश्रूषा आहे, स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ आहे. पण हे सारे ज्या एका कृतीतून निघाले ती कृती आधी नीट पाहिली पाहिजे. सुटून गेलेले माणूस सहसा मागे पाहत नाही. ही बाई मागे वळली. का वळली, हे समजून घेण्यासाठी ती कशातून सुटली होती ते पाहावे लागेल.

माणसाची किंमत

तिचे जन्मनाव अरामिंटा रॉस. घरी मिंटी म्हणत. जन्म १८२२ च्या सुमाराचा, मेरिलँड राज्याच्या डॉर्चेस्टर परगण्यातला. हा चेसापीक उपसागराच्या पूर्वेचा, खाड्यांचा आणि दलदलीचा मुलूख. आई रिट ही ब्रोडेस घराण्याची मालमत्ता. बाप बेन दुसऱ्या मालकाचा, लाकूडतोडीत वाकबगार. कायदा असा की मूल आईच्या वाटेने जायचे. आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप कुणीही असो.

सहा-सात वर्षांची असल्यापासून मालकाने तिला भाड्याने बाहेर दिले. हिवाळ्यात कमरेइतक्या थंड पाण्यात उतरून मस्करॅट या उंदराच्या जातीच्या प्राण्यांचे सापळे तपासायचे, हे त्यातले एक काम. बारा-तेरा वर्षांची असताना बकटाऊनच्या दुकानात एका मुकादमाने पळणाऱ्या दुसऱ्या गुलामावर दोन पौंडांचे वजन फेकले. ते हिच्या डोक्यात बसले. जीव वाचला, पण बोलता बोलता, चालता चालता एकाएकी झोपेसारखी गुंगी येण्याचे दुखणे जन्माचे मागे लागले. पुढच्या साऱ्या धाडसी फेऱ्या तिने हे दुखणे घेऊनच केल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मालमत्ता म्हटली की कागद आला. आणि या बाईच्या आयुष्यातले कागद बँकवाल्या माणसाला अस्वस्थ करतात. तिच्या आईच्या पूर्वीच्या मालकाने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की रिट पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंतच चाकरी करील. वारसांनी ते कलम सोयीस्करपणे विसरून टाकले. मुलीला कुणकुण लागली तेव्हा तिने आपल्या तुटपुंज्या कमाईतले ५ डॉलर एका वकिलाला दिले आणि जुने दप्तर शोधायला लावले. ते कलम तिथे होते. आईचे स्वातंत्र्य कागदावर कधीच झाले होते आणि प्रत्यक्षात कुणी दिले नव्हते. आपल्याकडे कुळकायद्याचे किंवा वारसाहक्काचे कज्जे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. वाचता न येणाऱ्याचा हक्क दप्तरात सुखाने झोपून राहतो.

ती कमावती होती. मालकाला वर्षाची ठराविक रक्कम भरून ती स्वतःची मजुरी स्वतः ठरवी, आणि वरकड कमाईतून तिने एक बैलजोडीही घेतली होती. १८४४ च्या सुमाराला जॉन टबमन या स्वतंत्र काळ्या माणसाशी तिने लग्न केले आणि आईचे हॅरिएट हे नाव घेतले. पण तिच्या तीन बहिणी दक्षिणेकडे विकल्या गेल्या होत्या. लिना, सोफ आणि मारिया रिटी अशी त्यांची नावे. त्या पुन्हा घरच्यांच्या नजरेस पडल्या नाहीत. १८४९ साली मालक एडवर्ड ब्रोडेस मेला. मागे कर्ज राहिले, आणि कर्ज फेडायला विकण्याजोगे जे होते त्यात ही माणसे होती.

त्या सप्टेंबरात ती दोन भावांबरोबर पळाली. विधवा मालकिणीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. त्यात मिंटीचे वय सुमारे सत्तावीस सांगितले होते आणि राज्याबाहेर सापडल्यास माणशी १०० डॉलर बक्षीस लावले होते. भाऊ वाटेतच कच खाऊन परतले. त्यातला एक नुकताच बाप झाला होता असे म्हणतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार घरात पंख्याखाली बसून वाचणाऱ्या आपल्याला नाही. त्यानंतर काही दिवसांतच ती एकटी निघाली. रात्री चालायचे, दिवसा लपायचे, असे करत शंभरएक मैलांवरच्या फिलाडेल्फियात पोहोचली. ती सुटली होती. इथे गोष्ट संपली असती तरी ती सांगण्यासारखी झाली असती.

कोर्टाच्या पायऱ्यांवरचा लिलाव

वर्षभराने, १८५० च्या डिसेंबरात, तिला निरोप आला की केझाया ही तिची भाची आणि भाचीची दोन मुले केंब्रिज गावच्या कोर्टाबाहेर लिलावात निघणार आहेत. केझाया ही विकल्या गेलेल्या लिनाची मुलगी. तिचा नवरा जॉन बाउली स्वतंत्र होता, जहाजांचा सुतार होता. हॅरिएट बाल्टिमोरपर्यंत आली आणि दोघांनी मिळून जो बेत केला त्याला तोड नाही.

लिलाव सुरू झाला. बोली चढत गेल्या. शेवटची बोली ज्याची ठरली तो होता स्वतः जॉन बाउली. खिशात तेवढे पैसे नाहीत, आणि देण्याचा विचारही नाही. पुकारणारा जेवायला गेला. परत येऊन पैसे मागतो तर बोलीदार गायब. पुन्हा लिलाव पुकारायची वेळ आली तेव्हा बाई आणि मुलेही गायब. जवळच्याच एका घरात त्यांना लपवले होते. रात्री बाउलीने आपल्या कुटुंबाला एका छोट्या होडीत घातले आणि चेसापीकच्या पाण्यावरून बाल्टिमोर गाठले. तिथून पुढे हॅरिएटने त्यांना फिलाडेल्फियाला नेले.

बोली लावून पैसे न भरणारा माणूस ही लिलाव करणाऱ्या बँकेची कायमची डोकेदुखी. म्हणून तर आम्ही आधी अनामत भरून घ्यायचो. पण १८५० सालच्या त्या बुडव्या बोलीदाराचा मला मनापासून हेवा वाटतो. ज्या बाजारात बायकोची किंमत ठरते, त्या बाजाराला त्याने त्याच्याच नियमांनी फसवले.

हीच हॅरिएटची पहिली फेरी. ती रक्ताच्या नात्यासाठी होती, आणि तसे करणारी ती एकटी नव्हती. सुटलेल्यांपैकी काही जण जिवावर उदार होऊन बायकामुलांसाठी परत जात. काळ मात्र आणखी बिकट झाला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकन संसदेने पळपुट्या गुलामांचा कायदा केला होता. आता उत्तरेतल्या स्वतंत्र राज्यांतही पळालेल्याला पकडून परत पाठवता येई, आणि आसरा देणारा गुन्हेगार ठरे. फिलाडेल्फिया सुरक्षित राहिले नाही. पुढे ती आपल्या माणसांना थेट कॅनडात, सेंट कॅथरिन्सला पोहोचवू लागली.

नवऱ्यासाठी घेतलेला कोट

माझ्या मते तिच्या आयुष्यातला खरा निर्णायक दिवस १८५१ च्या शरद ऋतूतला आहे. तो कुठल्याही स्मारकावर कोरलेला नाही.

फिलाडेल्फियात ती हॉटेलांत आणि घरांत स्वयंपाकाची, धुण्याभांड्याची कामे करी. त्या पैशातून तिने नवऱ्यासाठी नवे कपडे घेतले आणि त्याला आणायला ती परत गेली. गावाजवळ लपून तिने निरोप धाडला. उत्तर आले ते असे की जॉनने दुसरे लग्न केले आहे, तो येणार नाही, भेटणारही नाही.

तिने पुढे सांगितले आहे की पहिल्यांदा तिला वाटले होते, सरळ त्या घरात जावे आणि जो काय तमाशा व्हायचा तो होऊ द्यावा. मालकाने धरले तरी बेहत्तर. मग राग ओसरला. ज्याला आपली गरज नाही त्याच्यासाठी जीव का टाकावा, असे तिने मनाशी ठरवले. इथे कुठलीही बाई एकटी, रडत, फिलाडेल्फियाला परतली असती तर कुणी नावे ठेवली नसती. पण आलोच आहोत तर रिकाम्या हाताने जायचे नाही, असा तिने विचार केला असावा. पळून जाऊ पाहणारी काही माणसे तिने गोळा केली आणि त्यांना घेऊन ती उत्तरेला आली.

नात्यासाठी सुरू झालेले काम त्या रात्री नात्याच्या बाहेर गेले. आपले माणूस सोडवायला गेलेली बाई दुसऱ्यांची माणसे घेऊन परतली. एका घराची गोष्ट इथे समाजाची गोष्ट झाली, आणि ती कुठल्या व्याख्यानातून किंवा ग्रंथातून झाली नाही. दुखावलेल्या मनाने केलेल्या एका व्यवहारी निर्णयातून झाली. तिची सर्वांत मोठी कामगिरी मी या रात्रीपासून मोजतो.

डोळ्यांवर पट्टी बांधलेला बाप

तिची रीत पक्की होती. फेऱ्या बहुधा हिवाळ्याच्या, कारण रात्री मोठ्या आणि लोक घरात. निघायचे ते शनिवारी रात्री, कारण सोमवारपर्यंत वर्तमानपत्रात जाहिरात छापून येणे अवघड. तान्ह्या मुलांना अफूचा अंश असलेले औषध पाजून निजवायचे. वाटेत विल्मिंग्टनला टॉमस गॅरेट हा क्वेकर पंथाचा व्यापारी जोडे, अन्न आणि गाडी पुरवी. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल हा काळा कार्यकर्ता येणाऱ्या प्रत्येकाची हकीकत लिहून ठेवी. त्याची ती टिपणे १८७२ साली ग्रंथरूपाने छापली गेली. या साऱ्या गुप्त साखळीला लोक ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणत. त्यात रूळही नव्हते आणि गाडीही नव्हती.

१८५४ सालच्या नाताळात तिचे तीन भाऊ विकले जाणार होते. तिने एका परिचिताकडून जेकब जॅक्सन या लिहितावाचता येणाऱ्या स्वतंत्र काळ्या माणसाला पत्र लिहवले. मजकूर भाविक आणि घरगुती, आत निरोप दडवलेला. टपाल पाहणाऱ्यांनी ते आधी वाचले, त्यांना काही उमगले नाही. जॅक्सनला बरोबर उमगले, पण त्यानेही काही कळले नसल्याचा आव आणला आणि भावांना सावध केले.

नाताळच्या आदल्या रात्री भाऊ आईबापांच्या खोपटाजवळच्या कडब्याच्या कोठारात जमले. एका भावाची बायको त्याच रात्री अडलेली होती. तो उशिरा आला, पण आला. आईने सणासाठी मुले जेवायला येतील म्हणून स्वयंपाक करून ठेवला होता आणि ती दारात वाट पाहत होती. तिला कळवायचे नाही असे ठरले, कारण ती हंबरडा फोडील आणि साऱ्या वस्तीला कळेल. मुलांनी आईला लांबून, भिंतीच्या फटीतून पाहिले. बापाला मात्र सांगितले होते. तो गुपचूप जेवण घेऊन आला, पण येताना डोळ्यांवर रुमाल बांधून आला. निघताना तसाच पट्टी बांधून, मुलांच्या हाताला धरून, थोडे अंतर चालत गेला. दुसऱ्या दिवशी विचारणा होणार, आणि आपल्या मुलांना आपण पाहिलेले नाही असे त्याला खरेपणाने सांगता यायला हवे होते. बेन रॉस खोटे बोलत नसे.

हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. गुलामगिरी म्हणजे चाबूक आणि साखळदंड, एवढेच चित्र आपल्यापुढे असते. सणाच्या दिवशी बापाला मुलांकडे पाहता येऊ नये, हेही तिचेच रूप आहे.

पुढच्या वर्षी बेनने आपल्या बायकोला मालकिणीकडून २० डॉलरना विकत घेतले. म्हातारी झाली होती, बाजारात तिला भाव नव्हता. १८५७ साली हॅरिएटने दोघांनाही उत्तरेला नेले.

चाळीस हजार की तीस?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आकड्यांचाच. तिने १९ फेऱ्यांत ३०० माणसे सोडवली, तिच्या डोक्यावर ४०,००० डॉलरचे बक्षीस होते, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. हे आकडे तिची पहिली चरित्रलेखिका सेरा ब्रॅडफर्ड हिच्या पुस्तकांतून पसरले. केट क्लिफर्ड लार्सन यांच्यासारख्या अलीकडच्या संशोधकांनी दप्तरे तपासून ते सुमारे तेरा फेऱ्या आणि सुमारे ७० माणसांवर आणले. शिवाय पन्नास-साठ जण तिने सांगितलेल्या वाटेने आपापले निघून आले. चाळीस हजारांच्या बक्षिसाला काहीही आधार सापडत नाही. ‘मी हजार गुलाम सोडवले, आपण गुलाम आहोत हे त्यांना ठाऊक असते तर आणखी हजार सोडवले असते,’ असे एक वाक्य तिच्या नावाने सर्रास फिरते, तेही तिचे नव्हे. ते तिच्या माणसांचा अपमान करणारे आहे. आपण गुलाम आहोत हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. जिची मुले विकली गेली तिला ते कुणी सांगावे लागत नाही.

आकडे खाली आणल्याने बाई लहान होत नाही, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. चाळीस हजारांच्या दंतकथेशेजारी एक खरा आकडा ठेवून पाहावा. तिची धाकटी बहीण रेचेल मागे राहिली होती. मुलांना सोडून यायला ती तयार नव्हती, आणि मुले वेगळ्या ठिकाणी होती. हॅरिएट दहा वर्षे प्रयत्न करत होती. १८६० च्या अखेरीस ती पोहोचली तेव्हा रेचेल वारली होती. तिच्या दोन मुलांना बाहेर काढायला लाच म्हणून ३० डॉलर हवे होते. हॅरिएटकडे ते नव्हते. मुले मागे राहिली.

आणि त्या फेरीतही ती रिकाम्या हाताने परतली नाही. एनल्स नावाचे एक कुटुंब, नवरा, बायको, मुले, त्यात एक तान्हे, तिने कडाक्याच्या थंडीतून बाहेर आणले. बहीण मेली आहे, भाचरे हाताला लागत नाहीत, आणि ही परक्याचे तान्हे मूल सांभाळत दलदलीत लपली आहे. १८५१ च्या रात्री जे सुरू झाले त्याची याहून कठीण परीक्षा कोणती? ही तिची शेवटची फेरी ठरली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध सुरू झाल्यावर ती उत्तरेच्या सैन्याबरोबर साउथ कॅरोलिनात गेली. १८६३ च्या १ जूनच्या रात्री कर्नल जेम्स मॉन्टगोमेरीच्या काळ्या सैनिकांना घेऊन तीन बोटी कॉम्बाही नदीकडे निघाल्या. पाण्यातले सुरुंग कुठे आहेत ही माहिती हॅरिएटने आणि तिच्या स्थानिक वाटाड्यांनी काढली होती. एक बोट वाळूत रुतली. उरलेल्या दोन बोटी २ जूनच्या पहाटे भाताच्या मळ्यांपाशी पोहोचल्या आणि सातशेहून अधिक माणसे घेऊन परतल्या. चुलीवरचा वाफाळता भात भांड्यासकट डोक्यावर घेऊन, पाठीशी पोर अडकवून धावत आलेली एक बाई हॅरिएटला म्हातारपणीही आठवे. एडा फील्ड्स-ब्लॅक यांनी जुन्या सैनिकांच्या पेन्शनच्या फायली चाळून त्या सातशेंतल्या कित्येकांची नावे शोधली. त्यांच्या त्या ग्रंथाला २०२५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. फायलींवर आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला याचा विशेष आनंद आहे.

तेव्हा दहा वर्षांतले ७० मोठे की एका पहाटेचे सातशे? फळ पाहिले तर सातशेच मोठे. पण कॉम्बाहीच्या वेळी तिच्या मागे तोफा होत्या, सरकार होते, आणि १ जानेवारी १८६३ ची लिंकनची मुक्तिघोषणा होती. मेरिलँडच्या दलदलीत कायदा तिच्या विरुद्ध होता आणि मागे कुणीही नव्हते. शिवाय अनोळखी मुलखात घाबरलेल्या माणसांचा विश्वास कसा मिळवावा, रात्रीचे पाणी कसे ओळखावे, हे सारे ती त्या तेरा फेऱ्यांत शिकली होती. एकेकट्याने केलेल्या सुटकेने गुलामगिरी संपली नसती, ती युद्धाने आणि १८६५ च्या घटनादुरुस्तीने संपली, हे मान्यच आहे. पण कायदा येईपर्यंत हात बांधून बसायचे नाही, असे ठरवणारी माणसे आधी असावी लागतात.

तिसरा आक्षेप तिच्या पिस्तुलाचा. वाटेत कुणी कचरून परत फिरू लागला तर ती त्याच्यावर पिस्तूल रोखी. हे कठोर आहे. पण एक परतला तर सगळे पकडले जाणार, आणि वाटेवर आसरा देणारी घरेही. आपण एकही प्रवासी गमावला नाही, असे तिने म्हातारपणी अभिमानाने सांगितले. त्या अभिमानात हा कठोरपणाही जमेस धरावा लागतो.

आपल्या अंगणात

हॅरिएट १८४९ साली पळाली. त्याच्या आदल्याच वर्षी महात्मा फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती, आणि स्वतः नुकत्याच शिकलेल्या सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या होत्या. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले ते निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्या साली हॅरिएट न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी भाजीपाला पिकवून, डुकरे पाळून आणि दारी येईल त्याला जेवू घालून राहत होती. जोतीरावांना तिचे नाव ठाऊक होते की नाही, हा मुद्दा गौण आहे. आपल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि तिकडच्या गुलामांचे दुःख त्यांनी एका ओळीत बसवले, आणि त्या अर्पणात तिचाही वाटा आपोआप आला.

आपल्या घराघरांत पहिला शिकलेला, पहिला शहरात आलेला, पहिला परदेशी गेलेला असा एक माणूस असतो. तो कष्टाने सुटलेला असतो. त्याने मागे वळावे असा हुकूम त्याला कुणी सोडू नये. हॅरिएटनेही परतलेल्या भावांना टाकले नाही, पुढे त्यांनाच आणायला ती गेली. पण जो वळतो त्याच्याकडे पाहायला आपण शिकले पाहिजे. माझ्या एका शाखेत एक शिपाई खात्याची परीक्षा देऊन कारकून झाला. त्यानंतर तीन-चार वर्षे, दुपारच्या जेवणाच्या सुटीत, डबा लवकर आटपून तो इतर शिपायांना त्याच परीक्षेची गणिते शिकवी. त्याच्या हाताखालून चार-पाच जण कारकून झाले. अहवालात दाखवण्याजोगा हा आकडा नाही. त्या चार-पाच घरांना मात्र तो पुरेसा होता.

वीस डॉलर

शेवटी पैशाचा हिशेब. युद्धातल्या कामाचे १,८०० डॉलर मिळावेत असा अर्ज तिने केला. तो वर्षानुवर्षे पडून राहिला. दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस हा माजी सैनिक. १८८८ साली तो गेला, आणि त्यानंतर काही वर्षांनी सैनिकाची विधवा म्हणून तिला महिना ८ डॉलर पेन्शन मंजूर झाले. १८९९ साली संसदेने ते वाढवून २० डॉलर केले, तिच्या शुश्रूषेच्या कामाची दखल घेऊन. हेर म्हणून पेन्शन तिला कधीच मिळाले नाही. तिची आई जेवढ्याला विकली गेली होती तेवढीच ही रक्कम. २०१६ साली अमेरिकेच्या अर्थखात्याने २० डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र छापण्याचे जाहीर केले, आणि मग ते काम लांबणीवर पडले. २०२४ च्या नोव्हेंबरात मेरिलँड राज्याने तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला. सरकारी कामाला वेळ लागतो, हे सगळीकडे सारखेच.

तिने मात्र वेळ घालवला नाही. १८९६ साली ऑबर्नमध्ये तिच्या घराशेजारची २५ एकर जमीन लिलावात निघाली. सत्तरी ओलांडलेल्या या बाईने बोली लावली आणि १,४५० डॉलरना ती तिच्या नावावर झाली. पैसे जवळ नव्हते, पण या वेळी पळून जायचे नव्हते. तिने जमीन गहाण टाकून बँकेकडून कर्ज उचलले. म्हाताऱ्या, निराधार काळ्या माणसांसाठी तिला तिथे आश्रम काढायचा होता. काम झेपेना तेव्हा १९०३ साली तिने जमीन चर्चकडे दिली. १९०८ साली आश्रम उघडला.

चर्चने प्रवेशासाठी १०० डॉलर भरण्याचा नियम केला. हॅरिएट संतापली. तिचे म्हणणे होते की नियम करायचाच तर असा करा, की ज्याच्याजवळ एक पैसाही नाही त्यालाच आत घ्यावे. बँकेचा माणूस म्हणून मला चर्चची अडचण कळते. आश्रम चालवायला पैसा लागतो, आणि आम्हीही आयुष्यभर कर्ज दिले ते बहुधा ज्याच्याजवळ काहीतरी आहे त्यालाच. पण १८५१ सालच्या त्या रात्री लाकडांच्या आडोशाला गोळा झालेल्या माणसांजवळ १०० डॉलर असते तर त्यांना हॅरिएटची गरज पडली नसती.

१९११ साली ती स्वतः त्या आश्रमात राहायला गेली. १० मार्च १९१३ रोजी तिथेच वारली.